बारावा गोऱ्हा

प्रिय पेरिहान,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्र लिहायची सवय मोडून गेली आहे. तुझे बाबा लष्करात होते तेव्हा मी त्यांना लिहायचे, त्यानंतर कुणाला लिहायची वेळच आली नाही. आपली सगळी माणसं इथेच होती. अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घे. कधी उचललास तरी मी तोंड उघडलं की तू मधेच तोडतेस. कागदाला मधे तोडता येत नाही. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

इकडे गवत कापून झालं. यंदा गुडघ्याच्या वर गेलंच नाही. गाय आटली आहे. इमामसाहेबांच्या सुनेला मुलगी झाली, त्यांच्याकडून मिठाई आली. तुझा भाऊ तुर्गाय घरात नाही हे तुला ठाऊक असणार, तो बुर्साला तुझ्याकडेच उतरला असेल असा माझा अंदाज आहे. त्याला म्हणावं, लोकरीचे मोजे विणून ठेवलेत, पत्ता कळव. बायका संध्याकाळी येतात, चहा पितात, आणि मी साखर आणायला उठले की एकमेकींकडे बघतात. मला पाठीलाही डोळे आहेत. त्यांच्या मनात आहे तेच तुझ्या मनात आहे. फरक एवढाच, की तू तोंडावर बोललीस.

बाबांच्या दफनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बादली उचलून गोठ्याकडे निघाले तेव्हा तू आडवी आलीस. "त्यालाही खायला घालणार आहेस?" असं विचारलंस. मी म्हणाले, "बारा आहेत, बाराही जणांना घालणार." तू माझ्या हातांकडे बघितलंस. "परवा ह्याच हातांनी बाबांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवलंस ना, आई?" एवढं बोलून तू आत गेलीस, आणि दुपारी कार्सला जाणाऱ्या गाडीत बसलीस. मी निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आले नाही, कारण तेव्हा मी गोठ्यात होते. दुपारचा खुराक चुकवला तर जनावर दोन दिवस मागे जातं. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू मला मारलंच असतंस.

तू गावात वाढलीस, पण गोठ्यात फारशी कधी आली नाहीस. ते आम्हीच ठरवलं होतं. तुझे बाबा म्हणायचे, पोरीच्या कपड्यांना शेणाचा वास लागू द्यायचा नाही. त्यामुळे आमचा धंदा तुला लांबूनच ठाऊक. तुला वाटतं, बारा जनावरं आहेत, एकाला गोळी घातली असती तर अकरा उरलीच असती. तसं नसतं गं. पानगळीत आपण वासरं विकत आणतो, हिवाळाभर दावणीला बांधून खाऊ घालतो आणि कुर्बानीच्या ईदेला इस्तंबूलला नेऊन विकतो. बारा गोऱ्ह्यांचे पैसे हातात आले की त्यातल्या साडेसहांचे पुढच्या वासरांना जातात. चारांचे खुराकवाल्याला, म्हणजे जव, कोंडा, काड आणि साखर कारखान्यातला बिटाचा चोथा. ट्रकवाला, बाजारातल्या तंबूचं भाडं, दलाल, जनावरांचा डॉक्टर ह्या सगळ्यांत अर्धा जातो. आपण कधी कुणाची उधारी ठेवली नाही, ज्याचं त्याला दिलं. मग राहतो एक. तुझे बाबा तंबूत बसून हसत मला म्हणायचे, "कीमेत, अकरा लोकांचे, बारावा आपला." त्या एका गोऱ्ह्यावर आपण वर्ष काढायचो. तुझ्या लग्नातली चादरी-भांडी, तुर्गायचे दात, छपराचे पत्रे, सगळं बाराव्या गोऱ्ह्याचं आहे.

ह्या वर्षी खुराक दोनदा महागला. एकदा बर्फ पडायच्या आधी आणि एकदा ऐन मधे, जेव्हा दुसरीकडून आणायची सोय नसते. खुराकवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, डॉलरला विचारा." डॉलर आपल्या गावात कधी आला नाही, पण आपल्या गव्हाणीत तोच खात होता. तुझे बाबा चुलीपाशी बसून बोटांवर गणित करायचे आणि परत परत करायचे. "बारावा आपला राहतो का, एवढंच बघतोय," म्हणायचे. राहत होता, पण जेमतेम. एखादं जनावर आजारी पडलं असतं तरी तो गेला असता.

तांबडा त्या बाराजणांत सगळ्यात चांगला होता. लांब पाठीचा, रुंद छातीचा, आणि खाण्यात कधी नखरा नाही. खाल्लेलं त्याच्या अंगी लागायचं. दुसऱ्यांना दहा किलो घालून जेवढं चढायचं तेवढं त्याला आठात चढत होतं. तुझ्या बाबांचा तो लाडका होता असं गावात लोक आता रंगवून सांगतात. त्यात काही खरं नाही. आपण खाटकासाठी वाढवलेल्या जनावराचे लाड करत नाही, नावंही ठेवत नाही. आणि तो मारकुटा होता असं जे सांगतात तेही खरं नाही. त्या सकाळी तुर्गाय चोथा आणायला कारखान्यावर गेला होता. तुझे बाबा गव्हाण भरायला तांबड्याच्या आणि भिंतीच्या मधे शिरले, हजार वेळा शिरले होते तसे. गारठलेल्या शेणावरून पाय सरकला असेल, हात त्याच्या डोळ्यावर लागला असेल, मला माहीत नाही. मी धप्प असा आवाज ऐकला, मग दुसरा. मी पोचले तेव्हा त्यानं डोक्यानं त्यांना भिंतीला दाबून धरलं होतं, आणि मी काठी मारल्यावर सोडलं. सोडल्यावर तो सरळ गव्हाणीत तोंड घालून खायला लागला. तुझे बाबा खाली बसल्यासारखे घसरले. मला म्हणाले, "दार लाव, गारवा येतोय." त्यापुढे काही बोलले नाहीत. हे शेवटचे शब्द मी आजवर कुणाला सांगितले नव्हते, कारण लोकांना शेवटच्या शब्दांत अल्लाचं नाव हवं असतं.

तुर्गाय त्याच दिवशी बंदूक घेऊन आला. तू तेव्हा अजून वाटेत होतीस. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. "आई, बाजूला हो," म्हणाला. मी म्हणाले, "गोळी घालून काय करशील? मेलेलं जनावर खाता येत नाही, विकता येत नाही. खड्डा खणायला माणसं लावावी लागतील, तेही बर्फातून." तो म्हणाला, "तुला खड्ड्याची मजुरी दिसतेय?" मला दिसत होती. मला सगळं दिसत होतं, पेरिहान. बाबा आत चादरीखाली होते आणि मला दिसत होतं की ते गेले म्हणून चुलीला गोवऱ्या लागायच्या थांबणार नाहीत, आणि घरात पुढच्या वर्षीचं जे काही होतं ते सगळं त्या दावणीला बांधलेलं होतं.

मग मी दुसरा उपाय करून पाहिला, तोही ऐक, कारण तुर्गायनं तुला हे सांगितलं नसणार. कार्सचा खाटीक दुखवट्याला आला होता. त्याला बाजूला घेऊन म्हणाले, आत्ताच घेऊन जा ह्याला, देशील ते दे. तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, नुरेत्तिनभाऊला कुणी मारलं हे तीन तालुक्यांत कळलंय. हा माल मी हुकाला लावला तर माझं दुकान बसेल. फुकट दिलात तरी नको." आणि खरं तर तेव्हा तांबडा विकण्याजोगा झालाही नव्हता. शेवटचे दोन महिने फार महत्त्वाचे. हाडं वाढून झालेली असतात, आता खाल्लेलं मांस होऊन चढतं. त्याआधी विकलं तर हिवाळाभराचा खुराक पाण्यात गेला समज. आणि वेळ टळून गेल्यावर ठेवलं, तर खातो दुप्पट आणि चढतं निम्मं. मधली ती थोड्या दिवसांची फट असते, त्यातच काय तो पैसा. तुझ्या बाबांना शेपटीच्या मुळाशी हात लावून ती फट कळायची. ते गेले तेव्हा ती यायची होती.

म्हणून मी घालत राहिले. तुर्गाय म्हणायचा, त्याला अर्धपोटी ठेव, त्याचा वाटा बाकीच्यांना घाल. मी त्याला सगळ्यांइतकंच घातलं. तो वाढत गेला. बाकीचे उन्हाळ्याच्या तोंडावर जरा सुस्तावले, हा मात्र रोज गव्हाण चाटून पुसून ठेवायचा. मी रडत नव्हते म्हणून बायका म्हणाल्या, दगड झालीय. एके दिवशी त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी मांसाची उशी आलेली दिसली. भरला होता. मी तुर्गायला म्हणाले, "ट्रक ठरव." त्यानं ठरवला.

इस्तंबूलचा रस्ता तुला माहीत आहे. जनावर ट्रकमध्ये उभं राहून राहून वाळतं, प्रत्येक जण वीस-पंचवीस किलो रस्त्यावरच टाकून जातो. इतकी वर्षं तुझे बाबा जायचे आणि मी घरी थांबायचे, म्हणून हे ऐकलेलं होतं. ह्या वेळी मागे बसून बघितलं. बाजाराच्या मैदानात तंबूंच्या रांगाच रांगा. एर्झुरूमचे, आर्दाहानचे, सिवासचे, सगळे आपल्यासारखेच, सगळ्यांनी तोच महागडा खुराक घातलेला आणि सगळे तेवढाच भाव मागणारे. गिऱ्हाईक येई, दात बघे, पाठीवर थाप मारी, आणि भाव ऐकून म्हणे, "ह्यात आमच्या सात घरांचा महिनाभराचा पगार जातो." खोटं बोलत नव्हते ते. एका गोऱ्ह्यात सातजणांचा वाटा असतो, पण सातांनाही यंदा जड जात होतं. आपले अकरा हळूहळू गेले. दोन चांगले गेले, बाकीचे ठीक. तुझ्या बाबांचं गणित बरोबर निघालं, अकरांचे पैसे लोकांचं लोकांना द्यायला पुरले, वर काही नाही. राहिला तांबडा.

त्याच्यासमोर येऊन थांबत नाही असा माणूस नव्हता. दलाल हाशिम, तुझ्या बाबांचा जुना माणूस, मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "वहिनी, तोंडाला कुलूप. इथे कुणाला काही माहीत नाही. जनावर निरोगी आहे, अंगात खोट नाही, धर्मानं विकायला काही आडकाठी नाही." इमामसाहेबांनीही निघताना तेच सांगितलं होतं. मी कुलूप लावून बसले होते.

ईदेच्या आदल्या दिवशी दुपारी मुअम्मेर म्हणून एक निवृत्त शाळामास्तर आले. पांढऱ्या मिशा, स्वच्छ शर्ट, बरोबर त्यांच्या इमारतीतले सहाजण. मला उठून उभं राहू दिलं नाही. "बसा ताई, जनावर तुम्हीच वाढवलंत का?" मी म्हणाले, हो. भाव सुरू झाला. हाशिमनं माझा हात आणि मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि वरखाली हलवायला लागला. "एक लाख पस्तीस!" "एक लाख वीस, ताई, सातजण आहोत, बहुतेक पेन्शनवाले." "मास्तर, पाठ बघा पाठ, वर पलंग टाकून झोपाल!" सगळे हसले. एक लाख तीस हजार लिरांवर हात थांबले. पेरिहान, तो बारावा गोऱ्हा होता. आपलं वर्ष माझ्या मुठीत होतं. मास्तर म्हणाले, "अल्ला बरकत देवो." अजून माझं "देवो" म्हणायचं बाकी होतं, ते म्हटलं की सौदा पक्का.

तेवढ्यात त्यांच्यातला एक तरुण, मास्तरांचा भाचा, बाह्या वर करून तांबड्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. हसरा मुलगा, आपल्या तुर्गायच्या वयाचा. म्हणाला, "मामा, खाटकाचे पैसे कशाला घालवता? मागच्या अंगणात मीच पाडतो. एक दावं पुरे. एवढा शांत आहे, मुलंसुद्धा धरतील." आणि त्यानं तांबडा आणि बांबूचा खांब ह्यांच्या मधे पाय टाकला.

मी म्हणाले, "तिथून बाहेर ये."

तो अजून हसतच होता. "काय झालं मावशी?"

"बाहेर ये आधी. त्याला घरी पाडू नका. कत्तलखान्यात न्या, दोन बाजूंनी बांधा, डोक्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका. त्यानं माणूस मारलाय."

हाशिमनं माझा हात सोडला. मास्तरांनी धरून ठेवला होता. हळूच विचारलं, "कुणाचा माणूस, ताई?"

"माझा," मी म्हणाले.

मग त्यांनीही सोडला.

 तांबडा काड चावत होता. त्या सहांतला एक पुटपुटला, "असं असेल तर निम्म्या भावात सोडा." मास्तर त्याच्यावर गरजले, "लाज बाळग!" मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलंत, तुमचे उपकार आहेत. पण हे जनावर अल्लाच्या नावानं कापायला माझं मन होत नाही. रागावू नका." मी म्हणाले, रागावत नाही. ते गेले, आणि पुढच्या तंबूतून दुसरं घेतलं. तुर्गाय मागे तंबूच्या कनातीला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला मारू दिलं नाहीस, कारण पैसे. आता पैसे येत होते तर तेही नको. आई, तुला नक्की हवंय तरी काय?"  तो बाजारातून निघून गेला तो संध्याकाळी आला.

तोवर बातमी तंबूतंबूंत पसरली होती. माणसं यायला लागली, पण घ्यायला नव्हे, बघायला. फोन काढून तांबड्याचे फोटो. एक जण मला म्हणाला, "मावशी, जरा त्याच्या शेजारी उभ्या राहता का? दोघं एकत्र येऊ दे." हाशिमनं त्याला शिव्या देऊन हाकललं, आणि मग माझ्याकडेही तशाच नजरेनं बघितलं. ईदेची नमाज झाली, पहिला दिवस गेला, भाव उतरले. उरलेली जनावरं ज्यांची होती ते ट्रकवाल्यांशी परतीच्या भाड्यावरून भांडत होते. परत न्यायचं म्हणजे जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, वाटेत वाळलेलं मांस, आणि घरी पुन्हा तोच खुराक, तेही वेळ टळलेल्या जनावराला. त्याचा काही हिशेब जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी मुअम्मेर मास्तर परत आले. एकटेच. हातात पिशवी होती. "आमच्या कुर्बानीतला तुमचा हिस्सा आहे," म्हणाले. कुर्बानीतला एक भाग गरिबांचा असतो, हे तुला सांगायला नको. आपल्या घरातून आजवर दर ईदेला असे हिस्से गेले आहेत. मी स्वतः परडी घेऊन विधवांच्या दारी जायचे, उंबऱ्यावर ठेवून पटकन निघायचे, त्यांना आभार मानायला लागू नयेत म्हणून. मास्तरही तसेच पिशवी ठेवून पटकन वळले. तेव्हा मला कळलं, आता मी कोणत्या बाजूला आहे. नाही म्हणता येत नाही त्याला. मी ते तंबूतल्या चुलीवर कांदा घालून शिजवलं, आजूबाजूच्या तंबूवाल्यांना बोलावलं. सगळे जेवले. मीही जेवले. तुर्गाय जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी मांसाच्या कारखान्याचा माणूस उरलेली जनावरं उचलायला आला. तो जिवंत बघून घेत नाही, सोलून हुकाला लावल्यावर जे वजन भरेल त्याचे पैसे देतो, आणि काट्याजवळ आपलं माणूस नसेल तर वजन कमी भरतं. म्हणून मला जावं लागलं. तुर्गाय आला नाही. तांबड्याला दोन साखळ्यांनी आत घेतलं. त्यानं काही दांडगाई केली नाही. मी पलीकडे काट्यापाशी उभी राहिले, आणि थोड्या वेळानं तो दोन भागांत माझ्यासमोर आला. पांढरी चरबी अगदी सारखी पसरलेली होती, बोटभर, जशी तुझ्या बाबांना हवी असायची. काट्यावरचा माणूस म्हणाला, "काय माल तयार केलाय, बाई! कुणाचा हात आहे?" मी आकडा वाचत होते. मला वाटलं होतं, त्याला असं बघून काहीतरी होईल, रडू येईल, हलकं वाटेल. काही झालं नाही. मी आकडा वाचला, भावानं गुणला, आणि तो माणूस चुकला होता तो सुधारायला लावला.

हातात पंच्याऐंशी हजार आले. तंबूच्या वाढलेल्या दिवसांचं भाडं गेलं, हाशिमचं गेलं, जास्तीचा खुराक गेला. बाकी तांबड्याचं वासरू घेतलं तेव्हा जेवढे दिले होते त्याहून कमी उरलं. वर्षभर घातलेलं सगळं फुकट, आणि ते घालणारा माणूसही. आम्ही गाडीत बसलो. तुर्गाय माझ्या मागच्या सीटवर बसला, शेजारची रिकामी असून. घरी आल्यावर आठवड्याच्या आत त्यानं कपडे भरले. "मी दुसरं जनावर खाऊ घालणार नाही," एवढंच म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही, हे त्याला सांग. आणि तो तुला फोनवर म्हणाला ना, की आईनं आधी बाबांपेक्षा पैसा मोठा मानला आणि मग पैशापेक्षा परका पोरगा? शेजारच्या खोलीतून मी ऐकलं. ते तसंच झालं आहे. ह्यात खोडण्यासारखं काही नाही. फक्त मी त्या भाच्याला तिथे पाय टाकताना बघितलं, आणि तुर्गायनं नाही बघितलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. माफीसाठी नाही, आणि तू पैसे पाठवावेस म्हणूनही नाही. मी सहा वासरांचा विसार दिलाय. पानगळ सुरू झाली की येतील. बाराचं भांडवल उरलं नाही; वर्षभराचं घर आता वासरांच्याच पैशांतून चालवायचं, आणि वासरंही महागलीत. सहांत काही सुटत नाही हे मलाही कळतं, ट्रकचं भाडं बाराला तेवढंच सहाला; जमलं तर गावातच दुसऱ्या कुणाच्या ट्रकमध्ये जागा मिळवेन. मला दुसरं काही करता येत नाही, पेरिहान, आणि तुमच्या दोघांच्या दारी येऊन बसायचं माझं वय अजून झालं नाही. पण एक गोष्ट आहे, ती मी तुर्गायला बोलले नाही, इमामसाहेबांना नाही, कुणालाच नाही. लोकांना वाटलं मी दगड आहे, तुला वाटलं मला लोभ सुटलाय. मला भीती वाटत होती. ते सगळे दिवस, बादली उचलल्यापासून परत ठेवेपर्यंत. तांबडा गेला, तरी ती गेली नाही. आता गोठा रिकामा आहे, एक आटलेली गाय तेवढी आहे, आणि मला तिच्या आणि भिंतीच्या मधे जाववत नाही. मी तिला बाहेर अंगणात बांधून चारा घालते आणि लोकांना सांगते, ऊन लागू दे बिचारीला. वासरं आली की त्यांना एकेक करून आत बांधावं लागेल, आणि ते करायला माझ्याखेरीज कुणी नाही. म्हणून म्हणते, तेवढे थोडे दिवस सुट्टी मिळाली तर ये. काम करू नकोस, कशाला हात लावू नकोस, कपडे खराब करू नकोस. मी बांधत असताना गोठ्यात कुठेही उभी राहा आणि बोलत राहा. बुर्साचं सांग, नवऱ्याच्या तक्रारी सांग, नाहीतर मला शिव्या दे, मनात साठल्या असतील तेवढ्या सगळ्या दे. फक्त मधे थांबू नकोस. माणसाचा आवाज येत राहिला तर मी आत जाऊ शकेन असं मला वाटतं. नाही आलीस तरी वासरं येणारच आहेत.

तू अजून मानत असशील तर तुझीच,
आई